निळ्या खडूचे चौकोन

गडचांदूर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रफुल,

हे पत्र सोमारीच्या वहीतून तुझ्याकडं येऊन राह्यलं आहे. कॉलेजच्या नोट्स द्यायच्या बहाण्यानं ती इथं आली होती. असं दुसऱ्यांदा जमणार नाई, म्हणून नीट वाच.

तू काय केलं ते तुले कळलं तरी आहे का? देवी उठल्यावर तिच्या साडीचा लिलाव दरसाल होते. बाबा दरसाल अकराशे म्हणतात, आईसाठी साडी घेतात. गावाले माहीत आहे, म्हणून कोणी पुढं बोलत नाई. या खेपी ते तुझ्याकडं पाहून हसले, "कॉलेज सोडलेल्यांनी मागं उभं राहावं" म्हणाले, हे मीपण ऐकलं. पण म्हणून मागून पाच हजार ओरडायचे? तुझ्या घरी तू अन् पत्रूभाऊ, दोघंच गडी. माय नाई, वहिनी नाई. तुझ्या दोस्तानं, लटारूनं विचारलं, "कोणाले नेसवतं बे?" अन् तू माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. तेवढ्यानं झालं.

त्याच रात्री माझा मोबाईल गेला. दोन दिवसांनी मले इथं मामाकडं आणून टाकलं. धनराजमामा सिमेंटच्या कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर होता, आता घरी असते. दार त्याच्या खुर्चीच्या समोर आहे. खिडक्या धुळीसाठी बंद. दुपारी खाणीत स्फोट झाला की भांडी वाजतात, त्यावरून किती वाजले ते समजते. माझ्यासाठी राजुऱ्याकडचं एक स्थळ पाहून राह्यले.

मामा प्रत्येक पाकीट फोडते. पण त्याले एक नाद आहे, शब्दकोडं. रविवारच्या पेपरमधलं तो पेनानं सोडवते, पेन्सिलीनं नाई. म्हणून तू एक मंडळ काढ. शब्दकोडे मंडळ. माझ्या नावानं कोडं पाठव, मी उत्तरं पाठवीन, मामा स्वतः पोस्टात टाकीन. आपण लायब्ररीत दोघं मिळून सोडवायचो तशी नको. सामान्यज्ञानाची काढ, तुझ्याकडं ते जाडं पुस्तक आहे.

विषय लिलावाचा घे. त्यातलं तुले लय समजते.

रोशनी

---

सागवान शब्दकोडे मंडळ
द्वारा वारलूचे चहा दुकान, आलापल्ली
दि. १७ नोव्हेंबर २०२५

कु. रोशनी यांस सप्रेम नमस्कार.

आपली निवड आमच्या मंडळाच्या कोडे स्पर्धेसाठी झाली आहे, याबद्दल अभिनंदन. स्पर्धेत आपल्याशिवाय अनेक स्पर्धक आहेत, परंतु मंडळाचे लक्ष आपल्याकडेच आहे. कोडे क्रमांक एक सोबत जोडले आहे. विषय : प्रसिद्ध लिलावघरे व त्यांचा इतिहास.

आडवे १. जगातले सर्वांत जुने लिलावघर. लंडन, स्थापना १७४४. पहिला लिलाव पुस्तकांचा झाला.
आडवे ४. लंडनमधलेच दुसरे मोठे लिलावघर, स्थापना १७६६.
उभे २. यंदा एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने सोडवून आणलेली, नागपूरकर रघूजी भोसल्यांची वस्तू.
उभे ५. ज्या किमतीच्या खाली माल देतच नाहीत, ती किंमत. (दोन शब्द)

मंडळाची सूचना : लिलावाआधी माल लोकांना पाहण्यासाठी मांडतात. आपल्याकडे अशी पाहणी झाली काय, केव्हा झाली आणि पाहणाऱ्यांचे थोबाड कसे होते, हे उत्तरपत्रिकेच्या मागे लिहावे. या प्रश्नाला जास्त गुण आहेत.

मंडळाविषयी थोडेसे : मंडळाचे कार्यालय चारही बाजूंनी सागाच्या थप्प्यांनी वेढलेले आहे. संध्याकाळी सहानंतर फाटकाबाहेर पाय टाकता येत नाही, कारण वाघ फिरतो. मंडळ रोज लाकडे मोजते, लांबी आणि गोलाई, आणि मोजता मोजता कोडी बनवते. मंडळाच्या भावाने मंडळाला इथे आणून चिकटवले आहे आणि पोळ्यापर्यंत घरी यायचे नाही असे बजावले आहे. तरी मंडळाची तब्येत चांगली आहे. मंडळाच्या पेटीत एक साडी आहे, तिची घडी मंडळाने मोडलेली नाही.

आपला नम्र,
कोडेप्रमुख

---

गडचांदूर,
दि. २६ नोव्हेंबर २०२५

मा. कोडेप्रमुख यांस,

आडवे १ सदबीज. आडवे ४ क्रिस्टीज. उभे २ तलवार. उभे ५ राखीव किंमत.

जास्त गुणांच्या प्रश्नाचे उत्तर : पाहणी रविवारी, २३ तारखेला झाली. चार जण आले होते. चेहरे साधेच होते. एक काकू सारखी माझ्या पायाकडे पाहत होती. मालाला चालून दाखवायला सांगितले, मालाने चालून दाखवले. बोली लागली आहे, हातोडा अजून पडलेला नाही. जानेवारीत पडेल असे घरात बोलतात.

राखीव किंमत मालाला कोणी विचारली नाही.

पुढचे कोडे लवकर पाठवावे. इथे दुसरे काही नाही.

रोशनी

ता. क. महोदय, मी चि. रोशनीचा मामा. कोडे चांगले आहे, परंतु आडवे १ मध्ये चूक आहे. सर्वांत जुने लिलावघर १७४४ चे नाही. स्वीडन देशात स्टॉकहोम येथे १६७४ मध्ये निघालेले त्याहून जुने आहे. इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला, तेच साल. जे कोडे काढतात त्यांनी एवढे तपासावे. — धनराज

---

सागवान शब्दकोडे मंडळ, आलापल्ली
दि. ४ डिसेंबर २०२५

श्री. धनराजभाऊ यांस नमस्कार.

आपली सूचना मिळाली. आपण १६७४ म्हणता, मान्य. पण पुस्तकात १७४४ च छापले आहे आणि पुस्तक मंडळाने लिहिलेले नाही. शिवाय कोण आधी आले याला इतके महत्त्व कशाला? आधी आला म्हणून तोच बरोबर, आणि मागे उभा आहे त्याने तोंड उघडू नये, असे कोणी ठरवले? मंडळाला हे पटत नाही. तरी चूक दुरुस्त केली आहे. राग नसावा. मंडळालाही राग नाही.

कु. रोशनी यांस कोडे क्रमांक दोन.

आडवे १. धनराजभाऊंचे स्टॉकहोम.
आडवे ३. व्हिएन्ना शहरात १७०७ साली निघालेले, आधी गहाणाच्या वस्तू घेणारे आणि आजही चालू असलेले लिलावघर.
उभे २. लिलाव पुकारणारा शेवटी जी वस्तू आपटतो ती.
उभे ६. हातोडा पडण्याच्या आधी सभागृहात शिरून मोठ्याने बोली देणाऱ्यास काय म्हणतात? (मंडळाच्या मते : शहाणा.)

महत्त्वाची सूचना : मंडळाचा एक प्रतिनिधी रविवार, दि. १४ डिसेंबर रोजी स्पर्धकांच्या घरी प्रत्यक्ष तपासणीसाठी येत आहे. त्यासाठी लटारू नावाच्या सदस्याची मोटारसायकल मिळाली आहे. प्रतिनिधी दुपारच्या स्फोटाच्या वेळी घराच्या मागच्या बाजूस येईल, कारण तेव्हा भांडी वाजतात आणि दुसरे काही ऐकू येत नाही. स्पर्धकाने चप्पल घालून तयार असावे. बाकी काही घ्यायची गरज नाही. साडी प्रतिनिधी आणेल.

आपला,
कोडेप्रमुख

---

गडचांदूर,
दि. ८ डिसेंबर २०२५

मा. कोडेप्रमुख यांस,

प्रतिनिधीने येऊ नये.

परत लिहिते, प्रतिनिधीने येऊ नये. १४ तारखेला नाही, त्याच्यानंतरही नाही, मी लिहीपर्यंत नाही. स्पर्धेचा असा नियम आहे असे समजावे. जो नियम मोडेल त्याला पुढचे उत्तर मिळणार नाही.

आडवे १ स्टॉकहोम. आडवे ३ डोरोथिअम, हे मामाने सांगितले. उभे २ हातोडा. उभे ६ मी रिकामे सोडले आहे. मंडळाच्या मताशी मी सहमत नाही.

एक माहिती मलाही मिळाली. हातोडा पडायच्या आधी माल मागे घेता येतो. लंडनलाही घेतात, मग पुकारणारा त्या नंबरवर न थांबता पुढे जातो आणि कोणी भांडत नाही. हे मंडळाला माहीत नसावे.

दर आठवड्याला कोडे पाठवत राहावे. अवघड पाठवावे. मामाला आणि मला दोघांना वेळ पुरत नाही असे पाठवावे.

रोशनी

---

सागवान शब्दकोडे मंडळ, आलापल्ली
दि. ११ डिसेंबर २०२५

कु. रोशनी यांस,

नियम समजला. प्रतिनिधी येणार नाही. प्रतिनिधीने मोटारसायकलची टाकी भरून ठेवली होती, ती तशीच आहे.

माल मागे घेता येतो, हे वाचून मंडळाला फार आनंद झाला. म्हणजे आपल्या वडिलांचे, सोमाजीकाकांचे, मन पालटते आहे, असा मंडळाने अर्थ घेतला. मंडळ आता शांत राहील. आज मंडळाने दोनशे लाकडे मोजली आणि एकदाही कोणावर ओरडले नाही. मुनीम म्हणाला, "ताप आहे का रे?"

कोडे क्रमांक तीन जोडले आहे. अवघड आहे.

कोडेप्रमुख

---

गडचांदूर,
दि. २२ डिसेंबर २०२५

मा. कोडेप्रमुख यांस नमस्कार.

कोडे क्रमांक तीन सोडवून पाठवीत आहे. चि. रोशनीच्या बोटाला भाजले असल्यामुळे अक्षर माझे आहे. तीन उत्तरांना मला चार दिवस लागले. अशीच पाठवा.

आपल्या पहिल्या कोड्यात भोसल्यांची तलवार होती, त्यावरून एक सांगावेसे वाटते. तलवार एकच परत आली. पण १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूर खालसा केले तेव्हा हत्ती, घोडे, बैलसुद्धा लिलावात काढले आणि दागिने विकायला कलकत्त्याला नेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाई राणीने निरोप पाठवला की, सामानाला हात लावाल तर मी वाडा पेटवून देईन. असे मी वाचले आहे. लिलाव पुकारणाऱ्यांची नावे कोड्यात येतात, बाकाबाईचे येत नाही. आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी भोसल्यांनी चांद्याच्या गोंड राजाचे राज्य घेतले, तेव्हा तिथून काय काय गेले, त्याची तर यादीही नाही. कोडे काढणाऱ्याने हेही पाहावे.

बाकाबाईची गोष्ट मी रोशनीला वाचून दाखवली. दसऱ्यापासून या घरात आली आहे, त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आपला,
धनराज

---

आलापल्ली डेपो,
दि. २ जानेवारी २०२६

धनराजभाऊ,

हे कोडं नाई. मंडळबिंडळ आज बाजूला ठेवतो.

चौथ्या कोड्याचं उत्तर आलं, तेही तुमच्याच अक्षरात. कोणाचं बोट दोन आठवडे भाजलेलं राहाते? भाकरीचा तवा होता का भट्टी होती? मले समजते सगळं. रोशनीले तुम्ही कोंडून ठेवलं आहे अन् आता तिच्या हातचा कागदसुद्धा बाहेर येऊ देत नाई. जानेवारी लागला. हातोडा पडायची वेळ झाली, म्हणून तिचा हात बांधला.

मी कोण आहे ते तुम्हाले आता समजलंच असेल. नसेल समजलं तर ऐका. साडी मी घेतली होती. पाच हजार मी म्हटलं होतं. चार महिन्यांची मजुरी त्यासाठी साठवली होती असं नाई, ते तोंडातून निघालं, मग मी ते भरलं. मी जे बोलतो ते भरतो.

अकरा तारखेले, रविवारी मी येतो. मागच्या दारानं नाई, तुमच्या खुर्चीसमोरच्या दारानं. लोक जमले तर जमू द्या.

प्रफुल

---

गडचांदूर,
दि. ६ जानेवारी २०२६

बाबू प्रफुल,

बरं झालं नाव लिहिलंस. कोडेप्रमुख लिहून लिहून माझा हात दुखून राह्यला होता.

येऊ नको असं मी म्हणत नाई. दार उघडं आहे, चहा होईल. पण मोटारसायकलले किक मारायच्या आधी हे वाच.

तू पहिल्या कोड्यातच सापडला. पेपरवाले काळे चौकोन काळ्या शाईनं भरतात. तुझे निळे होते, अन् मेणासारखे. बोट फिरवलं की बोटाले लागत होतं. मी काट्यावर तीस वर्षं गाड्या तोलल्या, त्यातल्या कितीतरी लाकडाच्या. लाकडावर नंबर टाकायचा तो निळा खडू मले अंधारातही ओळखू येते. कागद उलटा करून पाहिला तर मागं छापलं होतं, लांबी, गोलाई, घनमीटर. वर पत्ता चहाच्या दुकानाचा. म्हटलं, हे मंडळ गरीब दिसते.

तेव्हा मी काही बोललो नाई. पोरगं कोडी काढत बसलं आहे, तोवर इथं येऊन तमाशा करत नाई, असा माझा हिशेब होता. अन् खरं सांगायचं तर कोडं बरं होतं. रिटायर झाल्यापासून मले कोणी प्रश्न विचारत नाई.

मग तुझा तो प्रतिनिधी निघाला. ते पत्र मी रोशनीच्या पुढं ठेवलं. म्हटलं, हा कोण ते सांग, अन् तुले याच्यासंग जायचं असेल तर तेही सांग. तिनं ते पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मामा, मले जायचं आहे, पण याच्यासंग नाई. अन् राजुऱ्यालेही नाई." सप्टेंबरातच तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला होता. तुलेही सांगितलं नव्हतं, बापालेही नाई. यादीत नाव लागलं होतं. पंधरा डिसेंबरपर्यंत हजर व्हायचं होतं अन् तिची मार्कशीट सोमाजीच्या पेटीत होती.

मी गावाले गेलो. ताईच्या हातचं जेवलो, अन् सोमाजी शेतावर गेल्यावर पेटी उघडून मार्कशीट काढली. ताईनं पाहिलं. तिनं पेटीची कडी परत लावली अन् मले पान दिलं. तीस वर्षांत एक काटा खोटा केला नाई मी, बाबू. ही चोरी साठाव्या वर्षी केली.

पंधरा तारखेले मी रोशनीले बसमध्ये बसवलं. कुठं ते लिहीत नाई, तिनं सांगू नको म्हटलं आहे. राजुऱ्याच्या लोकाले मीच जाऊन सांगितलं की, पोरीचं मन नाई. सोमाजी माझ्याशी बोलत नाई, पुढंही बोलेल असं दिसत नाई.

म्हणून बोट भाजलं होतं. तिले तिथं रुजू होऊन, जरा पाय रोवू द्यायचे होते. त्याआधी तू दारात येऊन ओरडला असता तर सोमाजीनं तिले हॉस्टेलमधून ओढून आणलं असतं, अन् लोक म्हणाले असते, पाहा, पळवून नेली.

कोंडलेली म्हणून तू जिच्यासाठी जळत होता, ती तीन आठवड्यांपासून मोकळी आहे. सोबत तिची चिठ्ठी आहे. तू स्वतःच्या नावानं लिहिशील तेव्हाच द्यायची, असं तिनं सांगितलं होतं.

धनराजमामा

---

(सोबतची चिठ्ठी)

दि. १५ डिसेंबर २०२५, सकाळ

प्रफुल,

बस अकराची आहे, म्हणून थोडकंच लिहिते.

माल मागे घेता येतो, असं मी लिहिलं, तेव्हा तुले वाटलं बाबा मागे घेतील. तुझं कोडं तीन आलं त्यात तसंच होतं. मले हसू आलं अन् मग रडू. मालाचा मालक दुसराच कोणीतरी असते, हेच तुझ्याही डोक्यात होतं. मी मले मागे घेतलं.

फॉर्मचं तुले सांगितलं नाई, कारण तू म्हटला असता, चल, मीच शिकवतो तुले, आजच निघू. कॉलेजात त्या सरांनी तुले एक शब्द बोलला तर तू बाक उलटवून निघून आला अन् परत गेला नाई. साडीच्या दिवशीही तसंच. बाबा हसले, ते तुले लागलं. बोली तू बाबावर लावली, माझ्यासाठी नाई. माझ्यासाठी असती तर मले एकदा तरी विचारलं असतं.

असं नको समजू की, मले तुझी आठवण नाई. बंद खिडकीत तुझे ते निळे चौकोन पाहूनच दिवस काढले. बोटाले रंग लागायचा, तो मी धूत नव्हती.

पण आता येऊ नको. किती दिवस, ते मलेच माहीत नाई.

मामाले कोडी पाठवत राहा. तो एकटा आहे.

रोशनी

---

आलापल्ली,
दि. १८ जानेवारी २०२६

धनराजभाऊ,

अकरा तारखेले मी आलो नाई, हे तुम्ही पाहिलंच. वाट पाहिली असेल तर माफ करा. चहा थंड झाला असेल.

पत्र आलं तेव्हा मी डेपोत होतो. वाचून पहिल्यांदा तुमचाच राग आला, मग तिचा, मग लटारूचा, त्यानं तर काहीच केलं नव्हतं. एका थप्पीवर लाथ मारली, पायाचा अंगठा सुजला, तो अजून दुखते. रात्रभर मनात एकच, गाडी काढतो अन् एकेक हॉस्टेल शोधतो. मग सहा वाजले की फाटक लागते, वाघ आहे, ते बरं झालं म्हणायचं. सकाळी फाटक उघडलं तेव्हा मी मोटारसायकल लटारूले परत नेऊन दिली. त्यानं विचारलं, "काऊन बे, जात नाई का?" मी म्हटलं, नाई.

राग गेला असं खोटं लिहीत नाई. आहे. मी इथंच आहे, तीच लाकडं, तोच मुनीम. फक्त एवढे दिवस वाटायचं, ती तिकडं अडकली म्हणून मी इकडं अडकलो. आता तसं म्हणता येत नाई.

परवा डेपोत लिलाव होता. सात नंबरच्या लॉटवर साहेबानं खडूनं फुली मारली अन् पुकारताना सहावरून सरळ आठवर गेला. मले वाटलं व्यापारी भांडतील. कोणी वरसुद्धा पाहिलं नाई. तिनं लिहिलं होतं तसंच झालं.

साडीचं सांगतो. पत्रूभाऊच्या हाती गावाले पाठवली, सोमाजीकाकांच्या घरी, काकूंसाठी. निरोप असा की, दरसाल त्यांचीच असते, यंदा मी मधात बोललो, चुकलं. काकांनी परत फेकली. काकूंनी उचलली. भाऊ सांगत होता, त्यांनी तिथंच पदर डोक्यावरून घेऊन पाहिला.

कोडं क्रमांक पाच जोडलं आहे. चौकोन या वेळी पेनानं भरले, बॉलपेन दोनदा संपला. आडवे १ चं उत्तर बाकाबाई आहे, हे तुम्हाले आधीच सांगून टाकतो. साल मी तपासलं. चांद्यातून काय काय गेलं त्याची यादी मले कुठी सापडली नाई, तुम्ही म्हटलं तसं. शोधून राह्यलो.

उभे ७ तिच्यासाठी आहे. तुम्ही तिले चिठ्ठी लिहाल तेव्हा कागद सोबत द्या, नाई दिला तरी चालते. प्रश्न एवढाच लिहिला आहे, तुझी राखीव किंमत काय? चौकोन किती लागतील ते मले माहीत नाई, म्हणून त्या बाजूले घरं आखलीच नाई. कागद कोराच ठेवला आहे.

प्रफुल